न पडणारा उंदीर

तेरणेच्या खोऱ्यात, लातूर जिल्ह्याच्या शिवेला लागून, एक गाव होतं. गावाच्या स्वतःच्या जिल्ह्याला आज धाराशिव म्हणतात, तेव्हा उस्मानाबाद म्हणत. त्या गावात एक कोतवाल होता. दवंडी द्यायची, तलाठ्याचं दप्तर उचलायचं, साहेब आला की पाण्याचा तांब्या पुढं करायचा, कुणी गेलं की पंचांना बोलावून आणायचं. पगार थोडा होता, वचक त्याहून थोडा.

गावाच्या मध्यावर एक वाडा होता. वाड्यात आबा राहत. आबांना अंथरुणावर पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गावात तापाची साथ यायची, घरोघरी काढे उकळायचे, आणि आबा उघड्या अंगानं विहिरीवर आंघोळ करताना दिसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माणूस आधी मनानं पडतो, मग अंगानं." त्यांच्या धाकट्या बहिणीला दमा होता. नवरा वारल्यावर ती भावाकडेच राहायला आली होती. आबांचं हे बोलणं ती रोज ऐकायची आणि काही बोलायची नाही, कारण बोलायला लागलं की तिला खोकला यायचा.

गावाच्या टोकाला एक म्हातारी राहत होती. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं. निजामाच्या राज्यात ती लहानाची मोठी झाली. गाठीच्या, म्हणजे प्लेगच्या, साथीत सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं, ते तिला आठवत होतं. त्या आठवणीतून तिला एक सवय लागली होती. ती लहान गोष्टींकडे बघायची. भिंतीतून माती गळाली, कुत्रं भलत्या वेळी ओरडलं, घरातला उंदीर दिवसाउजेडी वाटेत येऊन बसला, की तिचं लक्ष तिकडे जायचं.

1992 च्या पावसाळ्यानंतर किल्लारीच्या बाजूला जमिनीत गुरगुर व्हायला लागली. भांडी वाजायची, माळवदाची माती गळायची. चार दिवस लोक अंगणात झोपले. मग पेरणी आली, लग्नं आली, लोक घरात गेले. म्हातारी मात्र बाहेरच झोपत राहिली. पोरं तिला हसायची.

30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बोळवून गाव झोपलं होतं, तेव्हा पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं जड माळवद, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. कोतवालाची बायको गेली. मागं राहिला तो आणि त्याची सात वर्षांची पोरगी. वाडा पडला. आबा आणि त्यांची बहीण तुळईच्या आडोशानं वाचले.

मग पत्र्याची शेडं आली. जुनं गाव ढिगाऱ्यासारखं तसंच पडून राहिलं, आणि त्या ढिगाऱ्याखाली धान्य राहिलं. बळदातली ज्वारी, पेवातली ज्वारी, कणग्यांतली तूर. माणसं तिथून उठली, धान्य उठलं नाही. वर मांजर नाही, दिवा नाही, झाडू नाही. उंदरांना आणखी काय पाहिजे होतं? उन्हाळ्यापर्यंत दगडादगडातून उंदीर फिरायला लागले. घरातले काळे उंदीर होते, घुशी होत्या, आणि कधी नव्हे ते माळावरचे शेतउंदीरही जुन्या गावात येऊन जायला लागले.

पहिला पाऊस झाला आणि शेडांत पिसवा झाल्या. म्हातारी पोटऱ्या खाजवत कोतवालाकडं आली. म्हणाली, "लेकरा, उंदीर पळतोय तवर भ्यायचं न्हाई. उंदीर वाटेत निजलेला दिसला की मला येऊन सांग. हात लावू नकोस."

कोतवालानं हो म्हटलं. त्याला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. पण त्या दिवसापासून तो सकाळी ढिगाऱ्याकडून चक्कर मारायला लागला.

ऑगस्ट 1994 च्या शेवटी शेजारच्या बीड जिल्ह्यातून बातमी आली. मामला नावाच्या गावात आधी उंदीर पडले, मग पिसवा वाढल्या, मग माणसांच्या जांघेत आणि काखेत गाठी आल्या. 1966 नंतर देशात प्लेगची नोंद नव्हती. डॉक्टरांच्या एका पिढीनं तो फक्त पुस्तकात वाचला होता. पुढच्याच महिन्यात सुरतेहून लोक गाड्या भरभरून पळाले आणि दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या. आमच्याकडेही एसटीतून उतरणाऱ्या पाहुण्याला लोक ओट्यावर घेईनात.

गावात बैठक बसली. आबा उठून म्हणाले, "रोग उंदरात हाय. उंदीरच मारून टाकू. उद्याच्या उद्या." सगळ्यांना पटलं. भ्यालेल्या माणसाला मारण्याचा उपाय लवकर पटतो.

आबांनी उमरग्याहून झिंक फॉस्फाइडची काळी पूड आणवली. पिठात तेल घालून गोळ्या वळल्या आणि वाड्याच्या ढिगाऱ्यात पेरल्या. रात्रीतून उंदीर मेले. सकाळी चार गडी टोपल्या घेऊन मेलेले उंदीर वेचायला उतरले. दुपारपर्यंत त्या चौघांचे पाय मांड्यांपर्यंत पिसवांनी चावून काढले. एकाला रात्री ताप भरला. शेडांत कुणी झोपलं नाही. दोन दिवसांनी ताप उतरला. गाठ नव्हती, प्लेग नव्हता. पण त्या दोन दिवसांत त्याच्या बायकोनं देवळापुढं लोटांगणं घातली आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या दारावरून जाणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचं पथक आलं. त्यात एक तरुण होता. त्यानं टोपल्या पाहिल्या, गड्यांचे पाय पाहिले आणि डोक्याला हात लावला.

"आधी पिसवा मारायच्या असतात," तो म्हणाला. "मग उंदीर. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं. गार अंगावर पिसू थांबत नाही. तिला ऊब लागते. मग जे जवळ असेल त्या अंगावर ती जाते."

"म्हणजे आम्हीच त्या अंगावर घेतल्या?" कोतवालानं विचारलं.

"जंतू असते तर आणखी वाईट झालं असतं. प्लेगचे जंतू पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी वाढतात, तिचा घसा बुजतो. रक्त पोटात जात नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते. आणि दर चाव्याला जंतू आत सोडते."

पथकानं बिळांच्या तोंडाशी, शेडांच्या कडेनं कीटकनाशकाची भुकटी मारली. मग तरुणानं तारेचे पिंजरे काढले. शेडांत काही लावले, ढिगाऱ्यात काही, आणि काही गावाबाहेरच्या माळावर. पिंजरे वाहायला माणूस पाहिजे होता. असली कामं कोतवालाचीच. त्याची पोरगी त्याच्यामागं चालत होती, आई गेल्यापासून ती त्याला एकटं कुठं जाऊ देत नव्हती.

तरुण उंदराला कापडी पिशवीत घेऊन गुंगी देई, पांढऱ्या परातीवर धरून बारीक फणीनं त्याचे केस विंचरी, पडलेल्या पिसवा मोजी, शेपटीतून रक्ताचा थेंब काढी. पोरगी परातीजवळ बसायची. तिला सांगितलं होतं तेवढं अंतर ठेवून बसायची, पण नजर हलवायची नाही.

माळावरच्या पिंजऱ्यात एक वेगळा उंदीर सापडला. पाठ पिवळसर, पोट पांढरं, शेपूट अंगाहून लांब आणि टोकाला काळ्या केसांचा झुपका. मोठाले डोळे. शास्त्रात त्याला जर्बिल म्हणतात. आबा तिथं आले होते. त्यांना तो उंदीर फार आवडला. पिंजरा उचलून त्यांनी सगळ्यांना दाखवला.

"याला म्हणायचं उंदीर! बघा कसा उड्या मारतोय. याच्यात रोग असता तर हा कवाच मेला असता. माळावरचं खातो, मोकळ्या वाऱ्यात राहतो. पडतात ते घरातले उंदीर, आयतं खाऊन मऊ झालेले."

तरुण हसला नाही. पिंजरा त्यानं हळूच परत घेतला. "आबा, घाबरायचं असेल तर याला जास्त घाबरा," तो म्हणाला.

संध्याकाळी, शेडाबाहेर चहा घेताना, त्यानं ते समजावून सांगितलं. माळावरच्या या जातीत आणि प्लेगच्या जंतूत फार जुनी ओळख आहे. यातले पुष्कळ उंदीर जंतू अंगात जाऊनही मरत नाहीत. मरत नाहीत म्हणून जंतूही त्यांच्यासोबत बिळात टिकून राहतो, वर्षानुवर्षं, माणसाला काही न कळता. घरातल्या काळ्या उंदराची ती ओळख नाही. माळावरची पिसू त्याच्यावर आली की तो पडतो, आणि तो पडतो म्हणून माणसाला कळतं.

"मग घरातला उंदीर कायमच पडायचा?" कोतवालानं विचारलं.

"तसंही नाही. मुंबईत 1896 ला प्लेग आला तेव्हा उंदीर ढिगानं मेले. साथ वर्षानुवर्षं येत राहिली. पुढं 1930च्या दशकात हाफकिन संस्थेत सोखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या शहरांतले उंदीर आणून त्यांना प्लेगचे जंतू टोचले. मद्रासकडे प्लेग कधी फारसा पोचला नव्हता, तिथले उंदीर बहुतेक सगळे मेले. मुंबईचे पुष्कळसे जगले. चाळीस वर्षांत जे मरायचे ते मरून गेले होते. ज्यांच्या रक्तात काहीतरी वेगळं होतं, त्यांची पिलं उरली होती."

"म्हणजे मुंबईचे उंदीर ताकदीचे झाले," आबा म्हणाले.

"मरेनासे झाले," तरुण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पथक गेलं. रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यातून जिल्ह्याला गेल्या. निकाल गावापर्यंत कधी आलाच नाही. सरकारी कागद वर जातो तसा खाली येत नाही, हे कोतवालाला माहीत होतं, त्यानं वाट पाहिली नाही. गावात त्या वर्षी कुणाला गाठ आली नाही.

म्हातारी त्या हिवाळ्यात वारली. पुढं नव्या जागी गाव वसलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, आणि जुन्या गावात बाभळी.

कोतवालाची पोरगी शाळेत हुशार निघाली. उमरग्याला कॉलेज केलं, मग शिष्यवृत्तीवर पुण्याला गेली. तिथं ती काय शिकते हे कोतवालाला नीट सांगता यायचं नाही. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "उंदरांचं बघते." लोक गप्प बसायचे. त्यांना वाटायचं, एवढं शिकून शेवटी बापाचंच काम.

एका वर्षी हुरड्याच्या दिवसांत ती पेट्या घेऊन गावी आली. या पेट्या तारेच्या नव्हत्या, पत्र्याच्या, घडीच्या होत्या. संध्याकाळी बापलेक बांधाबांधानं पेट्या लावत गेले. पहाटे ती हातमोजे घालून, तोंडावर जाड मास्क लावून पेट्या उघडायला बसली.

"एवढं कशापायी गं?" कोतवालानं विचारलं. "ह्यास्नी काय झालंय? चांगले उड्या मारतेत."

ती त्याच्याकडे बघून हसली. "अण्णा, हे तुम्ही मला विचारताय?"

मग तिनं सांगितलं. ती आता प्लेगचा जंतू शोधत नव्हती, ती विषाणू शोधत होती. रानातल्या उंदरांच्या अंगात विषाणू असतात. हंता नावाचं एक कुळ आहे. त्यातले काही माणसाच्या मूत्रपिंडावर जातात, काही फुप्फुसावर. ज्या उंदराच्या अंगात ते राहतात तो उंदीर बहुधा जन्मभर ते घेऊन हिंडतो, त्याला काही होत नाही. त्याच्या मुतातून, लेंड्यांतून विषाणू बाहेर पडतो, वाळतो, धुळीत मिसळतो. बंद खोली झाडताना माणूस ती धूळ श्वासात घेतो. आपल्या देशातही हे कुळ आहे. 1964 साली वेल्लोरजवळ मेंदूज्वराच्या विषाणूचा शोध चालला असताना एका चिचुंद्रीत एक अनोळखी विषाणू सापडला. तो हंता कुळातला आहे हे कळायला पुढं कित्येक वर्षं गेली. चिचुंद्री तर उंदरांच्या जातीचीसुद्धा नव्हे, पण विषाणू आपल्या जातपाती बघत नाही.

"मग एकाच बिळातल्या सगळ्यांत तो असतो का?"

"तेच बघायचंय. नसतो. एकाच बिळात एकाच्या अंगात भरपूर असतो, एकाच्या अंगात येऊन गेलेला असतो, एकाला शिवलेला नसतो. काहींना त्रास होतो, काहींना होत नाही."

"का बरं?"

ती थांबली. तिला हे बापाला समजेल असं सांगायचं होतं. "जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात, अण्णा. पेशीच्या आत जे काही चाललंय त्याचे बारीक तुकडे ती बाहेर आणून धरतात. रक्तातल्या संरक्षक पेशी येऊन ते तुकडे बघतात. आपला तुकडा असेल तर पुढं जातात, परका असेल तर त्या पेशीचा निकाल लावतात. ही प्रथिनं कशी घडायची हे जनुकांत लिहिलेलं असतं. आणि अंगातल्या सगळ्या जनुकांत सगळ्यात जास्त फरक यांच्यातच असतो. ह्या उंदराची वेगळी, त्याच्या भावाची वेगळी. म्हणून एकच विषाणू आला तरी हा त्याचा एक तुकडा पकडतो, तो दुसरा पकडतो, तिसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही."

"मग सगळ्यात चांगलं जनुक सगळ्यांनाच का मिळत न्हाई?"

"कारण विषाणूही बदलतो. ज्या तऱ्हेचे उंदीर जास्त, त्यांच्या हातून निसटायला तो आधी शिकतो. मग ते चांगलं जनुक चांगलं राहत नाही. तेव्हा एखादा विरळा उंदीर, ज्याच्याकडे कुणाकडे नसलेली तऱ्हा आहे, तो तरतो. थोड्या वर्षांनी त्याची पिलं वाढतात, विषाणू त्यांच्यामागं लागतो. हे चालूच राहतं."

कोतवाल बांधावर बसला. बराच वेळ त्यानं काही विचारलं नाही. मग म्हणाला, "म्हणजे इरवड. तुझा आज्जा खरिपाच्या ज्वारीत तूर टाकायचा, मूग टाकायचा, अंबाडीची ओळ टाकायचा. पाऊस उडाला तर मूग जायचा, तूर राहायची. एक साल ज्वारीवर रोग पडला तर अंबाडी खाल्ली आम्ही. आता सगळ्या शिवारात सोयाबीन."

"तसंच काहीसं," पोरगी म्हणाली. तिनं एका उंदराच्या कानाची टिकलीएवढी कड कापून नळीत टाकली आणि त्याला सोडून दिलं. तो जिथून आला त्याच बांधाच्या फटीत शिरला.

"पण एक गोष्ट आहे," ती म्हणाली. "फ्रान्समध्ये रानउंदरांवर काम झालंय. तिकडं हंता कुळातला पुमाला नावाचा विषाणू आहे. ज्या भागात तो पूर्वीपासून मुक्कामाला आहे, तिथल्या उंदरांचं अंग त्याच्याशी फार झगडत नाही. सूज आणणारं, लढाई पेटवणारं एक रसायन असतं, ते तिथं कमी तयार होतं. जिथं विषाणूचा मुक्काम नाही तिथल्या उंदरांत ते जास्त होतं. लढलं की विषाणू मरतो, पण लढण्यात आपलंही अंग झिजतं. म्हणून काही उंदरांनी लढणं कमी केलं. त्यांचं बरं चाललंय. विषाणूचंही बरं चाललंय."

"आन् शेजाऱ्याचं?"

"शेजाऱ्याचं कोण बघतंय, अण्णा."

2020 चा मार्च आला. देश बंद झाला. मे महिन्यात पुण्या-मुंबईची माणसं गावाकडं यायला लागली. गावागावांत शाळा मोकळ्या करून त्यांत येणाऱ्यांना ठेवायचं ठरलं होतं, चौदा दिवस. कोतवाल निवृत्तीला आला होता. शाळेच्या फाटकावर खुर्ची टाकून तो बसायचा, येणाऱ्यांची नावं वहीत लिहायचा.

आबा पोराकडं पुण्याला गेले होते. तिथं अडकले होते. एक दिवस गाडी करून ते आले आणि फाटकापाशी उतरले. सत्तरीच्या पुढं गेले होते, पण पिशवी स्वतः उचलली होती. कोतवालाला पाहून म्हणाले, "लिही नाव, आन् जाऊ दे घरी. माझी बहीण वाट बघतेय."

"आबा, चौदा दिवस हितं राहावं लागतंय."

"मला काय झालंय? खोकला न्हाई, ताप न्हाई. वास येतोय, चव येतीय. माणूस आधी मनानं पडतो..."

"तेच म्हणतो, आबा. तुम्ही पडणारे न्हाई." कोतवालानं वही मिटली. "त्यो माळावरचा उंदीर आठवतो का? शेपटीला झुपका असलेला. तुम्ही पिंजरा उचलून सगळ्यास्नी दाखवला हुता."

आबा काही वेळ उभे राहिले. गाडीवाला घाई करत होता.

"त्याच्या रक्तात काय निघालं हुतं रे शेवटी?"

"निकाल आलाच न्हाई."

"मग?"

"मग काय. तुमचाबी आला न्हाई अजून."

आबांनी पिशवी घेतली आणि शाळेत गेले. चौथीच्या वर्गात त्यांना खाट मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी मच्छरांवरून भांडण केलं, दुसऱ्या दिवशी चहावरून. बहीण घरून भाकरी पाठवायची, ती फाटकावर ठेवून माणूस मागं सरायचा. तिसऱ्या दिवशी स्वॅब घेतला. दोन दिवसांनी निकाल आला. आबांना लागण झालेली होती. ते दोन दिवस त्यांनी शाळेच्या पटांगणात रोज वीस फेऱ्या मारल्या होत्या. त्यांना शेवटपर्यंत साधी शिंकसुद्धा आली नाही.

ही गोष्ट उंदरांची म्हणून सुरू झाली, पण ती तेवढ्यावर राहिली नाही. जो पडतो त्याला आपण दुबळा म्हणतो आणि जो पडत नाही त्याला निरोगी म्हणतो. बिळात तसं नसतं. तिथं पडणारा आणि न पडणारा दोघं एकाच विषाणूच्या दोन बाजू असतात, आणि त्यातली कुठली बाजू कुणाच्या वाट्याला येईल हे पुष्कळसं त्यांच्या आईबापांच्या रक्तात ठरलेलं असतं, मनाच्या जोरावर ठरत नाही. सगळे सारखे असते तर सगळे एकदमच पडले असते. सगळे वेगळे आहेत म्हणून काही उरतात. पण उरलेल्यानं शेजाऱ्याच्या दारात जाताना आपल्या अंगात काय असेल याचा विचार करायचा असतो, आणि हा विचार उंदराला करता येत नाही.

आबा घरी गेले तेव्हा बहीण दारात उभी होती. तिला काही झालं नव्हतं.

पुढं 2023 च्या दिवाळीत कोतवालाची पोरगी गावी आली, तेव्हा आबांनी तिला बोलावून घेतलं. म्हणाले, "मला का न्हाई झालं काही, ते सांग." ती म्हणाली की त्याच वर्षी एक अभ्यास छापून आलाय. अस्थिमज्जा दान करायला ज्यांनी नावं नोंदवली होती, त्यांची संरक्षणाची जनुकं आधीच तपासलेली होती. त्यांच्यात ज्यांना कोरोना होऊनही काहीच लक्षणं दिसली नाहीत, त्यांच्यात एचएलए-बी*15:01 नावाची एक तऱ्हा जास्त आढळली. उंदरात जी जनुकं असतात, त्याच घराण्यातली ही माणसातली. पूर्वी सर्दीच्या साध्या विषाणूंशी गाठ पडली होती, त्या ओळखीवरून या तऱ्हेच्या माणसांच्या पेशी नव्या विषाणूचा एक तुकडा झटकन ओळखतात.

"माझ्यात ती हाय का?"

"तपासल्याशिवाय कसं सांगू, आबा? ते एकट्या जनुकाचं कामही नसतं."

"आन् बहिणीत? एकाच आईची लेकरं आम्ही."

"सख्ख्या भावंडांत या जनुकांची जोडी तंतोतंत जुळायची शक्यता चारात एक. निम्मी जुळायची चारात दोन. अजिबात न जुळायची चारात एक."

बहीण चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे दादा, आईनं वाटणी सारखी केली न्हाई."

आबा हसले. त्यांच्या हसण्यात पहिल्यासारखा जोर नव्हता. पण पुढच्या महिन्यापासून बहिणीच्या दम्याची औषधं आणायला गड्याला न पाठवता ते स्वतः एसटीनं उमरग्याला जायला लागले, आणि दुकानात गर्दी असली तर तोंडाला उपरणं बांधून बाहेर उभे राहायचे.